कुड्याच्या निळ्या वाट्या

१० फेब्रुवारी १९८६, सोमवार

सत्यशीला म्हणते, तुम्ही रोज माझ्यापाशी जेवढं बोलता तेवढं लिहून ठेवलं असतं तर एव्हाना कपाट भरलं असतं. तिला आठवा महिना लागलाय. लवकर थकते, माझं ऐकता ऐकता बसल्या जागी डुलक्या घेते. म्हणून आजपासून ही डायरी. हिला तरी झोप येणार नाही.

जांभूळटोल्याला येऊन सात महिने झाले. मी एका ग्रामोद्योग संस्थेच्या खराद केंद्राचा निदेशक, म्हणजे शिकवणारा. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात टिनाची एक शेड, वीज असेल तेव्हा मोटारीवर फिरणारा एक खराद आणि त्यावर बसलेला मुखरू सुतार. मुखरूनं पन्नाशी ओलांडली आहे. खरादावर लाकूड गरगर फिरायला लागलं की तो त्याला पटाशी टेकवतो आणि बघता बघता आतून वाटी निघते. माझ्या आयटीआयच्या सगळ्या सर्टिफिकिटांपेक्षा त्याचा अंगठा शहाणा आहे. हे मी त्याला सांगत नाही.

कुड्याचं लाकूड दुधासारखं पांढरं. त्याच्या वाट्या, करंडे, डबे सुरेख होतात, पण बाजारात त्यांना कोणी हात लावत नाही. ऑइलपेंट लावून पाहिला, तर महिन्याभरात पापुद्रे सुटले. काल आलापल्लीच्या बाजारात साड्या रंगवायच्या रंगाच्या पुड्या दिसल्या आणि डोक्यात आलं, सुताला चढतो तो लाकडाला का चढू नये? लाल, हिरवी आणि दोन निळ्या, अशा चार पुड्या आणल्या. मुखरूला दाखवल्या तर पटाशी खाली ठेवून हसत सुटला.

"मास्तर, हे लाकूड हाय का लुगडं?"

बघू म्हणावं कोण हसतं ते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस नुसता गोंधळ. पहिल्यांदा चुकून हळदूच्या वाट्या निळ्या रंगात टाकल्या. हळदू मुळातच पिवळा, त्यामुळं वाट्या हिरव्यागार होऊन बाहेर आल्या. मुखरू म्हणाला, "पोपट झाले जी." मग कुडा घेतला. उकळत्या पाण्यात रंगाची पुडी आणि मूठभर मीठ, त्यात अर्धा तास वाटी. ओली झाली की तिच्या अंगावर बारीक लव उभी राहते, ती पॉलिश कागदानं घासायची आणि पुन्हा रंगात सोडायची. वाळली की चपडीचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा हात.

आज दुपारी पहिली खरी निळी वाटी हातात आली. रंग वर बसलेला नाही, आत मुरलेला आहे. नखानं खरवडलं तरी खाली निळंच. जिथं लाकडाच्या शिरा कापल्या जाऊन तोंडं उघडी पडतात, तिथं ते जास्त पितं आणि गडद होतं. मी ती वाटी घेऊन घरी पळत गेलो. सत्यशीलेनं ती उन्हात धरली आणि म्हणाली, "आपल्या झेंड्यासारखी हाय." मला इतका आनंद झाला की मी दोनदा जेवलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

राजुऱ्याच्या विहार कमिटीला नमुना पाठवला होता. उत्तर आलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला फुलं आणि मेणबत्त्या ठेवायला तीनशे निळ्या वाट्या हव्यात. तीनशे! मुखरूनं कपाळाला हात लावला, मी त्याला चहा पाजला.

रंगाच्या भट्टीवर बुधरीबाईला घेतलं आहे. ती या गावची दाई. गावात चाळिशीच्या आतलं जे कोणी आहे ते पहिल्यांदा तिच्याच हातात आलेलं, त्यामुळं तिच्यापुढं कोणी फार तोऱ्यात बोलत नाही. गोंड बाई, हाडापेरानं मजबूत, हात दगडासारखे. उकळत्या रंगात काठी घालून वाट्या उलटवते आणि काठी गैरसोयीची वाटली की सरळ हातच घालते. संध्याकाळपर्यंत मनगटापर्यंत निळी. रबरी मोजे मागवून देतो म्हटलं तर म्हणाली, "हाताले दिसलं नाई तं काम कसं करू?"

मी एक शास्त्रीय प्रयोग सुरू केला आहे. स्वतःच्या नखांवर तिन्ही रंगांचे ठिपके लावले आहेत. कोणता किती टिकतो ते पाहायचं.

५ मार्च, बुधवार

प्रयोगाचा निकाल: लाल चार दिवस, हिरवा सहा, निळा नऊ. निळा चिवट. हे मी केंद्राच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं. मुखरूला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं.

सत्यशीलेचं माहेर गोंडपिपरीला. पहिलं बाळंतपण तिथंच करायचं ठरलं होतं, मी पाच तारखेला तिला पोचवणार होतो. आजच. पण दीडशे वाट्या अजून पांढऱ्या पडल्या आहेत. बुधरीबाईनं पोट पाहून सांगितलं, अजून महिना आहे. मग घाई कशाला? पंधरा तारखेला जाऊ म्हटलं. सत्यशीलेनं बांधलेलं गाठोडं सोडून लुगडी परत दांडीवर टाकली.

१४ मार्च, शुक्रवार

मुलगी! आज सकाळी साडेआठ वाजता. तीन आठवडे आधीच आली, बापासारखीच उतावीळ.

पहाटेपासून सत्यशीला घाबरीघुबरी झाली होती. मी केंद्राकडं धावलो. बुधरीबाई नुकतीच भट्टी पेटवून पहिला घाणा उलटवत होती. तशीच उठली. हात राखेनं घासले, लिंबू चोळलं, पण निळा तो निळाच. म्हणाली, "चाल मास्तर, हात सोच्छ हाय, रंग हाय तं हाय." बाळ आलं ते लगेच रडलं नाही. बुधरीबाईनं तिच्या तोंडात बोट घालून घाण काढली, पाठ चोळली, तेव्हा कुठं ती रडली. लहानसा आवाज.

मी आत गेलो तर बाळाचे ओठ निळे, नखं निळी, जीभसुद्धा निळसर. बुधरीबाईनं आपले हात पुढं करून दाखवले आणि आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, आपली पोर झेंड्याचा रंग घेऊन आली. सत्यशीला दमली होती, तरी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

नाव नीलिमा ठेवायचं. दुसरं सुचतच नाही.

१६ मार्च, रविवार

दिवसभर बाया येऊन जातात. सगळ्यांचं एकच, "पोरगी निळी काऊन हाय जी?" शेजारची सुगंधाबाई तर दारातच थबकली. तिची सून पोटुशी आहे, म्हणून ती सगळं बारकाईनं पाहते. मी प्रत्येकीला समजावून सांगतो. रंग कुठून आला, कसा चढतो, मिठानं कसा पक्का होतो, निळा नऊ दिवस कसा टिकतो, आणि रंगानं काही होत नाही. केंद्रात नेऊन फळासुद्धा दाखवला. संध्याकाळी विहिरीवर बाया एकमेकींना हेच सांगत होत्या. सत्यशीला म्हणाली, "तुमी तं दवंडीच पिटली."

पोर शहाणी आहे, रडत नाही, नुसती झोपते. दूध थोडं ओढते, थांबते, पुन्हा थोडं ओढते. कपाळावर घाम येतो. उकाडा आहेच.

१८ मार्च, मंगळवार

आज खोबरेल तेलात पांढरं फडकं बुडवून ओठ पुसून पाहिले. फडक्याला काहीच लागलं नाही, पांढरं ते पांढरंच. म्हणजे रंग चांगलाच पक्का बसला आहे. हा गुण वाट्यांच्या बाबतीत किती मेहनत करून मिळवावा लागतो!

सत्यशीला म्हणाली, "जिभेवर कसा राह्यला? जीभ तं रोज दुधानं धुतल्या जाते." मी सांगितलं, जीभ मऊ असते, जास्त पिते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदरानं पोरीचं कपाळ टिपलं.

२० मार्च, गुरुवार

उपकेंद्राच्या सिस्टर आल्या होत्या. महिन्यातून एकदा येतात, त्यांना पुढं आणखी तीन गावं करायची होती. पोरीकडं पाहून "अरे, हे काय?" असं काहीतरी म्हणायला लागल्या, तेवढ्यात मीच सांगितलं, सिस्टर, आमचा रंग आहे तो. बुधरीबाईला हात दाखवायला लावले. नखांच्या कडा अजून निळ्या होत्या. सिस्टर हसल्या, म्हणाल्या, "तुमच्या केंद्राचा शिक्काच बसला म्हणायचा." वजन थोडं कमी आहे, अंगावरचं पाजत राहा, म्हणाल्या. मी त्यांना एक वाटी भेट दिली.

२२ मार्च, शनिवार

बुधरीबाई आठ दिवस भट्टीवर आलेली नाही. रोज आमच्याकडं येते, सत्यशीलेला न्हाऊ घालते, पोरीचं अंग चोळते. आज चोळता चोळता थांबली आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"पाहा मास्तर. माह्या हाताचा रंग तं गेला. लेकराचा काऊन नाई जाऊन राह्यला?"

हात खरोखर साफ होते.

मी म्हटलं, बाई, तुमची कातडी जाड, वरवर रंग बसला. तान्ह्या लेकराची कोवळी. कुड्याच्या शिरांची तोंडं उघडी असतात तिथं रंग आत शिरतो ना, तसं आहे हे.

"रडली का अदिक निळी होते."

रडताना रक्त वर येतं, रंग जास्त दिसतो, मी सांगितलं. माझं मलाच ते इतकं पटलं की वहीत टिपून ठेवलं. तिनं तेलाची वाटी पुढं ओढली. मग म्हणाली, "तुमी शिकलेले हाय," आणि पुन्हा चोळायला लागली.

२३ मार्च, रविवार

आज नववा दिवस. सकाळी पोरीला घेऊन दारात उन्हाला बसलो. एकेक नख पाहिलं. वीसच्या वीस निळी.

नऊ दिवस हा हिशेब माझ्या नखांचा. तान्ह्या पोरीला आणखी दोन-तीन दिवस द्यायला हवेत. तरी दिवसभर हाताला काम सुचलं नाही. मुखरूनं दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही.

सत्यशीला म्हणते, दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, परवा होळी, दोन दिवस गाड्या धड नसतात, धुळवडीनंतर जाऊ. शिवाय डॉक्टर काय सांगणार, रंग आहे म्हणूनच. ती म्हणाली, "मंग त्याले सांगू द्या."

१ एप्रिल, मंगळवार. गोंडपिपरी

लिहायचं नव्हतं. पण इतके दिवस जे लिहीत आलो ते तसंच ठेवून पुढचं टाळलं तर मी स्वतःलाही फसवल्यासारखं होईल.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सत्तावीस तारखेला, सकाळी तिनं दूध ओढणं सोडलं. छाती भराभर वरखाली होत होती. पहिली एस.टी. पकडली, दोन गाड्या बदलल्या, चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात पोचायला दुपारचे चार वाजले. वाटेत सत्यशीलेनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले, जीभ पाहिली आणि विचारलं, "ही निळी केव्हापासून आहे?"

मी म्हटलं, जन्मापासून.

"तेरा दिवस? मग तेरा दिवस तुम्ही काय करत होता?"

मी म्हटलं, मला वाटलं रंग आहे.

"कसला रंग?"

आणि मला तिथं उभं राहून त्यांना सगळं सांगावं लागलं. खराद, कुडा, साड्यांच्या पुड्या, दाईचे हात. ते ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटी ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, हिच्या हृदयातच जन्मतः दोष आहे, चांगलं रक्त आणि खराब रक्त एकत्र होतंय, म्हणून निळी. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? म्हणाले, "नागपूरला तरी पाठवली असती. वाचली असती का, ते मी सांगू शकत नाही." त्यांनी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. आता हे मधलंच घेऊन जन्म काढायचा आहे.

अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, दुपारी बाराच्या सुमारास ती गेली. चौदा दिवसांची होती. गेल्यावरही ओठ निळेच होते. मी ते बोटानं पुसले. का पुसले, माहीत नाही.

इथं गोंडपिपरीला आल्यावर काल सत्यशीलेशी पहिल्यांदा बोलणं झालं. ती म्हणाली, "मले पह्यल्याच दिशी वाटलं होतं."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"बोलली होती मी. तुमी मले सारं समजावून सांगतलं."

ती इथंच राहणार आहे. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

जांभूळटोल्याला परत आलो. घरात दांडीवर तिची लुगडी आहेत.

केंद्रात मुखरूनं उरलेल्या वाट्या कातून ठेवल्या आहेत, चार बायांनी मिळून रंगवल्याही आहेत. त्याच्याकडून कळलं की गावात सगळे एकच बोलतात, मास्तरची पोर रंगानं गेली. बुधरीनं निळ्या हातानं काढली, तोंडात बोट घातलं, रंग पोटात गेला. दुपारी पाच-सहा बाया भेटायला आल्या. त्यातली एक म्हणाली, "काय करनं मास्तर, त्या बुधरीनं घात केला."

मी गप्प बसलो. या डायरीत खोटं लिहिणार नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं. दुसऱ्या कोणाच्या तरी हातून झालं हे ऐकून छातीवरचं ओझं थोडं सरकलं. त्या गेल्यावर मी दवाखान्याचा कागद शोधून खिशात ठेवला.

९ एप्रिल, बुधवार

आज ग्रामपंचायतीसमोर माणसं बसली होती तिथं जाऊन सांगितलं. रंगाचा काही संबंध नाही, पोरीच्या हृदयातच दोष होता, डॉक्टरांनी सांगितलं, दवाखान्याचा कागद आहे. कागद दाखवला.

सुगंधाबाईचा मुलगा भैयाजी म्हणाला, "मास्तर, हार्ट तं मोठ्या मानसाले असते. चौदा दिसाच्या लेकराले कुठी हार्ट?"

कोणी हसलं नाही. भैयाजी चांगला माणूस आहे, त्यानं मला बसायला जागा करून दिली. मग मुखरू हळूच म्हणाला, "तुमीच तं घरोघर सांगत होते जी, रंग हाय मनून. आमाले फळाबी दाखवला होता."

फळा अजून तसाच होता. आल्यावर पुसला. ज्यांनी वाचायचा त्यांनी तो केव्हाच वाचला आहे.

१० एप्रिल, गुरुवार

बुधरीबाईकडं गेलो. ती अंगणात टोपलीतली मोहफुलं वाळत घालत होती. मला बाज टाकून दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, बाई, चूक माझी आहे. तुम्ही मला विचारलं होतं, हात दाखवले होते.

ती फुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "मी अशे दोन लेकरं पाह्यले होते, मास्तर. एक लय आगोदर, एक माह्या बहिनीचं. दोनी गेले. तुमची पोर हातात आली तवाच माह्या मनात भेव आलं होतं."

मग का नाही सांगितलं, मी विचारलं. हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारत फिरतो आहे.

"सांगतलं तं होतं. तुमी मनलं रंग हाय. रंग तुमचा, तुमाले मालूम. मले वाटलं, आपली अक्कल कमी." फुलं उलटवत म्हणाली, "चाळीस वर्सं याच डोळ्यानं पाहून राह्यली मी. त्या दिशी डोळ्याचं नाई आयकलं, तुमचं आयकलं."

मी माफी मागितली. त्यावर तिनं नुसती मान हलवली. ती माफी होती की नाही, मला कळलं नाही.

तिला आता कोणी बाळंतपणाला बोलवत नाही. गेल्या आठवड्यात गावात दोन झाली, दोन्हींना पलीकडच्या टोल्यावरची, त्या छोट्या वस्तीवरची दाई आणली. तिनं ते तक्रारीनं नाही सांगितलं. उद्यापासून भट्टीवर येऊ का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय द्यायला होतं माझ्याकडं?

१२ एप्रिल, शनिवार

तीनशे वाट्या गवतात बांधून राजुऱ्याला रवाना केल्या. पाठवू नयेत असं वाटत होतं. पण तिथली माणसं वाट पाहतायत, त्यांचा काय दोष? एकही वाटी मी हातात घेतली नाही. बांधाबांध मुखरूनं केली.

परवा जयंतीला मी गेलो नाही तर लोक विचारतील. विचारू देत.

२४ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळ झाली आहे. दुपारी घडलं ते लिहितो.

तीन वाजता केंद्राच्या दारात सुगंधाबाई आली. आत बुधरीबाई भट्टीवर होती, हे तिला दिसत होतं. तिनं मला खुणेनं बाहेर बोलावलं. उन्हात उभी राहून पदराचं टोक पिळत म्हणाली, "मास्तर, सुनेच्या पोटात दुखून राह्यलं सकाळपासून. एक इचारू का? खरं सांगा. बुधरीले न्यावं का?"

मला वाटलं, देवानं असं नाही म्हणत मी, पण कोणीतरी मला ही एक संधी दिली आहे. मी म्हटलं, न्या. आत्ता न्या. तिच्या हातांनी माझ्या पोरीचं काहीही वाईट झालेलं नाही. रंगानं काही होत नाही. मी शपथेवर सांगतो.

ती माझ्याकडं बघत राहिली. नजरेत राग नव्हता, कीव होती.

"तवाबी तुमी असंच मनत होते, मास्तर. रंगानं काई नाई होत." आणि ती घराकडं निघून गेली.

मी वळलो. बुधरीबाई भट्टीपासून उठली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तरीही तिनं हात राखेनं घासले, कोपरापर्यंत धुतले, पदर खोचला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. दोघंही रस्त्याकडं पाहत राहिलो.

थोड्या वेळानं भैयाजीची बैलगाडी निघाली. गाडीत तणस आणि वर घोंगडी, त्यावर त्याची बायको कण्हत पडलेली, उशाशी सुगंधाबाई. गाडी केंद्रासमोरून गेली. कोणी इकडं पाहिलं नाही.

बुधरीबाईनं माझा दंड धरला. याआधी तिनं मला कधी हात लावला नव्हता. "मास्तर, मांगच्या महिन्यात मी तिचं पोट पाह्यलं होतं. लेकरू पायाळू हाय. तिकडच्या टोल्यावरच्या दाईकडं नेऊन राह्यले ते, तिच्यानं नाई होनार. माह्याच्यानंबी नाई होनार. दवाखान्यात न्या मना. जा, पळा, माहं नाई आयकनार ते."

मी पळालो. चप्पल तिथंच राहिली. गाडीला गाठून बैलांच्या बाजूनं धावत ओरडलो, भैयाजी, टोल्यावर नको, दवाखान्यात न्या, सरळ दवाखान्यात न्या, लेकरू पायाळू आहे. भैयाजीनं कासरा आवरला नाही. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग आईकडं पाहिलं. सुगंधाबाईनं सुनेच्या तोंडावर ऊन येतं म्हणून पदर धरला होता. मी म्हटलं, माझं ऐका, या वेळी ऐका. मला धाप लागली, मी मागं पडलो, तरी तेच ओरडत राहिलो.

फाट्याशी उजवीकडे डांबरी रस्ता दवाखान्याला जातो. तिथं गाडी क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग बैल डावीकडे वळले आणि गाडी पलीकडच्या टोल्याच्या वाटेला लागली.